संयोगिताचं बिनकाट्याचं झाड

संयोगिता मान्यांचा विषय निघाला की आमच्या बिल्डिंगमधल्या बायका आधी 'बिचारी' म्हणतात आणि मग पुढचं वाक्य बोलतात. मला त्या शब्दाची चीड आहे. पंचावन्नाव्या वर्षी डोळे गेले तेव्हाही ती बिचारी नव्हती. ती बिचारी झाली गेल्या श्रावणात. तेही कुणी वाईट वागलं म्हणून नाही, सगळे चांगलेच वागले म्हणून. ते कसं झालं, ते लिहिते.

दांडिया बाजारात आमची जुनी बिल्डिंग. तळाला दुधाची डेअरी, पहिल्या मजल्यावर ती, दुसऱ्यावर मी. मान्यांचं घराणं गुजरातेतल्या या जुन्या मराठी राज्यातल्या शिलेदारांचं. तलवारी कधीच भंगारात गेल्या, ऐट तेवढी राहिली. तिचा नवरा जयवंतराव एका कारखान्यात फिटर होता, पण सोसायटीच्या पाण्याच्या मीटिंगला यायचा तो गड घ्यायला निघाल्यासारखा. संयोगिता त्याच्या उलट. कमी बोलायची, आणि बोलली की समोरच्याला थोडा वेळ सुचायचं नाही.

ती गोळ्यांच्या कंपनीत होती. औषधाच्या गोळ्या. पट्ट्यावरून पांढऱ्या गोळ्यांचा लोंढा वाहत यायचा आणि त्यातली कड तुटलेली, डाग पडलेली गोळी बोटाने बाजूला उडवायची. सबंध नोकरी तिने हेच केलं. "नलिनीताई, मला स्वप्नातसुद्धा सगळं गोल आणि पांढरंच दिसतं," असं ती म्हणायची. एक दिवस सुपरवायझरने तिच्या हातून सुटलेल्या तुटक्या गोळ्या मूठभर आणून टेबलावर ठेवल्या. ती चिडली, भांडली, मग डॉक्टरकडे गेली. काचबिंदू निघाला. या रोगात नजर कडेकडून जाते. समोरचं दिसत राहतं, म्हणून माणूस गाफील असतो. कंपनीने तिला खोके बांधायला बसवलं, मग घरी बसवलं. जयवंतराव गेला तेव्हा तिला उजेड कुठून येतो एवढंच कळायचं.

पण घर तिला पाठ होतं. मिठाच्या डब्याला एक रबर, साखरेच्या डब्याला दोन. भात शिजला की नाही ते ती झाकणीच्या आवाजावरून सांगायची. जिन्यात पाऊल वाजलं की कोण ते ओळखायची. माझं पाऊल म्हणे 'रागावलेलं' वाजतं. मी म्हटलं, "गुडघे रागावलेत गं, मी नाही."

मुलगा एकच, रणवीर. खासगी बँकेत आहे. लग्न झाल्यावर शहराबाहेर भायलीकडे सातव्या मजल्यावर नवा फ्लॅट घेतला, आणि तेव्हापासून आईच्या मागे लागला की चल. तिने नाही म्हणून सांगितलं. मग तो दर रविवारी यायचा आणि घरातली एकेक गोष्ट कमी करून जायचा. सुरी बोथट आणून ठेवली. इस्त्री नेली. बाल्कनीत तिचे गुलाब होते, जयवंतरावाने लावलेली बोगनवेल होती. "मम्मी, तुला टोचेल," म्हणून एका रविवारी कुंड्याच उचलून नेल्या आणि बिल्डिंगच्या मागे ठेवल्या. त्या तिथे वाळल्या. टोचतं ते तिचं तिला कळत नव्हतं का? बोटाला लागलं की ती बोट चोखायची आणि काम पुढे चालू ठेवायची.

त्या हिवाळ्यात आम्ही दोघी सावली गावी एका लग्नाला गेलो होतो. परतताना रस्त्याकडेला एक नर्सरी दिसली. मी सहज म्हटलं, नर्सरी आहे. ती म्हणाली, "थांबवा गाडी."

"काय घेणार आहेस? रणवीर परत उचलून नेईल."

"टोचणारं नेतो तो. न टोचणारं बघू या. मला घरात काहीतरी जिवंत हवंय, नलिनीताई. मांजर पायात येतं आणि कुत्रं भुंकून घरातलं सगळं बाहेर फोडतं."

आत गेलो. नर्सरीवाला म्हातारा होता, त्याने तिच्याकडे एकदा बघितलं आणि बाकी काही न विचारता तिचा हात धरून एका फळीपाशी नेलं. मी बघितलं तर कॅक्टस. मी म्हटलं, अहो, निवडुंग कसले दाखवता! शिवाय तिच्या सासूचा दंडक, काटेरी झाड उंबऱ्याच्या आत आणायचं नाही. गुलाबाला तेवढी सूट, कारण तो देवाला लागतो.

"आमां कांटो ज नथी, बा," तो म्हणाला. "हाथ फेरवो ने."

तिने हात फिरवला. पालथ्या घातलेल्या वाटीएवढं झाड. गोल, मध्ये जरा दबलेलं, संत्र्याच्या फोडी असतात तशा आठ फोडी, आणि प्रत्येक फोडीच्या मधोमध ओळीने लोकरीचे बारीक गोंडे. काटा एकही नाही. संयोगिताचं बोट एका फोडीवरून वर चढलं, मधल्या खळग्यात उतरलं, पलीकडच्या फोडीवरून खाली गेलं.

"नलिनीताई, अहो, ही तर बटणं टाचलेली उशी आहे!"

गाडीत ती कुंडी तिने मांडीवर धरली होती. लग्नातली मिठाईची पिशवी मात्र नर्सरीतच विसरली.

या झाडाला लागतं फार थोडं. त्या थोड्यातलं जरा जास्त झालं की ते मरतं. हे तिने पहिल्या महिन्यातच शिकून घेतलं. नर्सरीवाल्याला फोन करून, आणि माझ्याकडून मोबाइलवर वाचून घेऊन. मी वाचत होते आणि ती मध्येच थांबवून "ते पुन्हा वाचा" म्हणत होती. लहरीपुऱ्याच्या बाजारातून मला मातीची पसरट कुंडी आणायला लावली. भोकावर खापरीचा तुकडा, त्यावर जाड रेती, विटेचा चुरा, कोळशाची भुकटी, आणि नावाला शेणखत. हे सगळं तिने पिठाच्या चाळणीने चाळून घेतलं. मी ओरडले. ती म्हणाली, "पिठाचं काय, दुसरी चाळणी आणता येईल."

पाणी वरून कधीही नाही. परातीत दोन बोटं पाणी घ्यायचं, कुंडी त्यात ठेवायची, खालून पाणी वर चढू द्यायचं आणि उचलायची. कधी द्यायचं ते ती कुंडी हातात तोलून ठरवायची आणि नंतर बोटाने खात्री करायची. झाड तहानलं की बसतं, फोडी आत ओढल्या जातात. प्यालं की दोन दिवसांत टम्म होतं. थंडीत पाणी बंद. उन्हाळ्यात दुपारचं ऊन चुकवायला कुंडी भिंतीशी सरकवायची. आणि पावसाळ्यात सगळंच बंद. पाणी नाही, आणि हातही लावायचा नाही, कारण दमट हवेत घामट बोटं लागली की ते लोकरीचे गोंडे चिकट होतात आणि तिथून सडायला सुरुवात होते. कुंडी बाल्कनीत आतल्या बाजूला, जिथे पावसाचा शिंतोडा पोचत नाही तिथे स्टुलावर असायची. "त्याचा चातुर्मास चालू आहे," असं ती म्हणायची. "मौन पाळतंय. आपणही पाळायचं."

चौथ्या उन्हाळ्यात फूल आलं. भर दुपारी बाल्कनीच्या जाळीवर पळी वाजली. मला बोलवायची तिची हीच पद्धत होती, फोन करायला तिला कंटाळा. मी खाली गेले तर ही बाल्कनीत उन्हात बसलेली, डोक्यावर पदर, बोट त्या खळग्याजवळ धरलेलं.

"रंग सांगा."

"पिवळा. आत तळाशी शेंदरी."

"शेंदरी म्हणजे? गणपतीचा की मारुतीचा?"

मी नीट बघितलं. "मारुतीचा."

"मग ठीक," ती म्हणाली. तिने पाकळीला बोट लावलं ते एवढं हलकं की पाकळी हललीसुद्धा नाही.

पुढच्या रविवारी रणवीर आणि त्याची बायको मिताली आली, तेव्हा मी तिथेच होते. भायलीचा विषय निघालाच. या वेळी त्याने तारीखच ठरवून आणली होती. जूनमध्ये सामान हलवायचं.

"मम्मी, एकटी असतेस. कोण आलं, कोण गेलं, काय झालं, तुला कळणार नाही."

"मला कळत नाही असं एक सांग."

"सांगण्यासारखं होईल तेव्हा उशीर झालेला असेल ना!"

"इकडे ये," ती म्हणाली. त्याला मनगटाला धरून बाल्कनीत नेलं. "हे फूल बघ. चार उन्हाळे हे झाड माझ्या हाताखाली आहे. दुसऱ्या कुणाचा हात लागलेला नाही. याचं पाणी चुकलं तर हे आठवड्यात मरतं. डोळस लोकांच्या घरी मरतं. नर्सरीवाल्याला विचार. ज्या हातांना हे जमतं त्या हातांना वरणभात जमणार नाही? जिन्यातलं पाऊल कळणार नाही?"

मिताली फुलाचे फोटो काढत होती. "सो क्यूट ने!" ती म्हणाली. "आई, खरंच तुम्ही एकट्याने केलं?"

जाताना जिन्यात रणवीर मला म्हणाला, "काकू, तुम्ही तरी समजवा तिला."

मी म्हटलं, "मला तुला समजवावंसं वाटतंय."

तो हसला. मुलगा वाईट नाही. म्हणाला, "बरं, दिवाळीपर्यंत बघू." संयोगिताने ते दारातून ऐकलं. दिवाळीपर्यंत म्हणजे तिच्या हिशेबी कायमचं. फूल पुढच्या उन्हाळ्यात पुन्हा येणार होतं.

आता मितालीबद्दल. ती रेल्वेतल्या माणसाची मुलगी, प्रतापनगरच्या क्वार्टर्समध्ये वाढलेली. कामसू, गोड बोलणारी, आणि डोक्यात एक गोष्ट धरली की ती पार पाडणारी. मराठी घरातली, पण बोलण्यात प्रत्येक वाक्याला गुजराती 'ने'. ऑफिस त्याच वर्षी आमच्या बाजूला आलं. त्यामुळे सोमवारी सकाळी ऑफिसला जाताना सासूला डबा देऊन जायचा, असा तिने नेम केला होता. सासू स्वतः रांधते, तिला डबा नको असतो, हा मुद्दा तिच्या लेखी नव्हता.

गेल्या श्रावणात तिच्या लग्नाला पाचवं वर्ष होतं. लग्नानंतर पहिली पाच वर्षं श्रावणी सोमवारी महादेवाला शिवामूठ वाहायची, ही आपल्याकडची रीत. पहिल्या सोमवारी मूठभर तांदूळ, दुसऱ्या सोमवारी तीळ, तिसऱ्याला मूग, चौथ्याला जव. आधी पाणी, मग दूध, मग बेल, मग ती मूठ. आणि वाहताना मागायचं काय, तर सासरच्या माणसांना मी नावडती असेन तर आवडती कर. मीही वाहिली होती. माझी सासू त्याने बदलली नाही, पण तो वेगळा विषय.

मितालीची अडचण अशी की देवळात श्रावणी सोमवारी गर्दी, गाडी लावायला जागा नाही, आणि साडेनऊला ऑफिस. भायलीच्या फ्लॅटमध्ये देवघर कपाटाएवढं, त्यात पिंडी नाही. आणि सासूच्या बाल्कनीत स्टुलावर मात्र गोल, राखाडी-हिरवी, माथ्यावर दबलेली, अंगावर विभूतीसारखे पांढरे ठिपके असलेली आयती पिंडी. जिवंत. स्वयंभू.

पुढचं तुमच्या लक्षात आलं असेल. आमच्या कुणाच्या आलं नाही.

ती यायची, डबा ओट्यावर ठेवायची, सासूच्या हातात मोबाइल द्यायची आणि त्यावर शंकराची गाणी मोठ्याने लावायची. "आई, तुम्ही ऐका हं, मी तेवढ्यात पूजा करून घेते." संयोगिताला वाटायचं, स्वयंपाकघरातल्या देव्हाऱ्यासमोर करते आहे. गाण्यांच्या आवाजात पाण्याचा आवाज कसला येतोय! आणि पूजा झाल्यावर मिताली बेल उचलायची, स्टूल पुसायची, उदबत्तीची राख झाडायची. नीटनेटकी आहे ना. सारखा आंबूस वास येतो, असं संयोगिता मला एकदा म्हणाली होती. मी म्हटलं, डेअरीच्या वर राहतेस, गुलाबाचा येणार का! आणि कुंडीला ती हात लावत नव्हती. तिचा नियम. चातुर्मास.

श्रावण संपला. गणपतीच्या दोन-तीन दिवस आधी सकाळी जाळीवर पळी वाजली. एकदा वाजायची, त्या दिवशी वाजतच राहिली. मी माझ्या गुडघ्यांना जेवढं पळता येतं तेवढी पळाले.

ती बाल्कनीत फरशीवर बसली होती, कुंडी पायांच्या मध्ये. उघडीप पडली होती, हवा कोरडी वाटली, म्हणून तिने हात लावायचं ठरवलं होतं. "हे काय आहे बघा," ती म्हणाली आणि माझ्या तळहातावर काहीतरी ठेवलं. मोड आलेला मूग. चांगला वीतभर वाढून, मग पिवळा पडून आडवा झालेला.

मी कुंडीत वाकून बघितलं. झाडाच्या गळ्याभोवती खडीत अजून तसे कितीतरी. फुगून फुटलेले तांदूळ. काळे पडलेले तीळ खडीच्या फटीत. जवाचे हिरवे कोंब तर नुकते निघालेले. झाड जागेवर होतं, आकार तोच, पण बोट लावलं तर अतिपिकलेल्या चिकूसारखं आत गेलं.

"कापून बघा," ती म्हणाली. "वरचं थोडं चांगलं निघालं तर नर्सरीवाला दुसऱ्या बुंध्यावर बांधून देतो."

सुरी बोथट. पण तिची गरज पडलीच नाही. आत माथ्यापर्यंत तपकिरी चिखल होता.

"काही?"

"काही नाही."

तांदूळ, तीळ, मूग, जव. हा क्रम आपल्यातल्या कुठल्याही बाईला वेगळा सांगावा लागत नाही. मी काही बोलायच्या आत ती हसायला लागली. त्या हसण्याने मला बरं वाटलं नाही.

"माझ्या बाल्कनीत बसून मागत होती पोरगी," ती म्हणाली. "सासूला आवडती कर."

मी म्हटलं, आत्ता फोन लाव आणि सांग तिला. ती म्हणाली, नाही. भोळेपणाने केलं, तिला सणासुदीला कशाला रडवायचं? मरायचं ते मेलं. कुंडी तशीच कोपऱ्यात सरकवली आणि हात साबणाने दोनदा धुतले. तिचं ऐकून मी गप्प बसले. ती स्वतः मात्र गप्प राहू शकली नाही, आणि राहायला हवं होतं असंही मला वाटत नाही.

रविवारी दोघं आली. रणवीर बाल्कनीत फोनवर बोलत होता, त्याला कुंडी दिसली. आत येऊन तो सोफ्यावर तिच्याजवळ बसला आणि तिचा हात हातात घेतला. असा हात घेतला की समजायचं, आता समजूत घालणार.

"मम्मी, झाड गेलं ना. वाईट वाटून घेऊ नकोस. पाणी जास्त झालं. तुला दिसत नाही, तुझी चूक नाहीये."

तिने हात सोडवून घेतला.

"माझ्याकडून पाण्याचा थेंब पडलेला नाही."

"मम्मी, कुंडी अजून ओली आहे."

"असेल. दूधही आहे त्यात. तांदूळ आहेत. मूग आहेत. तुझ्या बायकोला विचार."

मितालीचा चेहरा मी बघत होते. तिला पहिल्यांदा काहीच कळलं नाही. मग कळलं. "अरे देवा," ती म्हणाली. "पण मी तर थोडंसंच... आई, पाण्याने झाड कसं मरेल? झाडाला पाणी तर हवंच ने?" आणि रडायला लागली. "मी तुमच्यासाठीच करत होते. दर सोमवारी तुमच्या डोळ्यांसाठी मागत होते. विचारा रणवीरला. फोटो टाकला होता ना मी ग्रुपवर! सगळ्यांनी बघितलाय!"

तिने मोबाइल माझ्यापुढे धरला. स्टुलावर झाड, त्यावर बेलाचं पान, दुधाचे ओघळ, बाजूला निरांजन. खाली लिहिलेलं, 'आईंच्या बाल्कनीतला स्वयंभू महादेव'. त्याखाली हात जोडलेल्या चित्रांची रांग. तिची आई, रणवीर, रणवीरची पुण्याची आत्या, झाडून सगळे. चारही सोमवारचे चार फोटो. ज्या घरात हे होत होतं त्या घरातली बाई सोडून सगळ्या खानदानाला ठाऊक होतं.

"हिने तुझ्या डोळ्यांसाठी केलं," रणवीर म्हणाला, "आणि तू एका झाडासाठी हिला रडवतेस?"

"रडू नकोस गं," संयोगिता म्हणाली. "मी तुला दोष देत नाही. मी फक्त म्हणते, मी मारलं नाही."

मला वाटलं, संपलं. निदान तेवढं तरी सिद्ध झालं. पण रणवीर बँकेत कर्ज नाकारायचं काम करतो. तो शांत झाला, पुढे सरकून बसला.

"बरोबर आहे. तू नाही मारलंस. मग मला एवढंच सांग. ही चार सोमवार आली. तुझ्यापासून दहा फुटांवर बसली. निरांजन लावलं, दूध ओतलं, धान्य ओतलं. तुला कळलं?"

तिची मान बाल्कनीकडे वळली.

"ही घरची होती म्हणून ठीक आहे. उद्या दुसरं कोणी आलं तर? झाडाऐवजी गॅसशी काही केलं तर? तूच म्हणत होतीस ना, असं एक सांग. हे घे, सांगितलं."

मी मध्ये पडले. म्हटलं, "अरे, तिला दिसत नव्हतं. तुम्हा सगळ्यांना तर दिसत होतं! चार फोटो बघितलेस तू. हात जोडलेस. पाणी चुकलं तर हे झाड आठवड्यात मरतं, हे तिने तुला फुलाच्या वेळी सांगितलं होतं. तुला कळलं?"

"काकू, प्लीज," तो म्हणाला. "झाडाचा विषय नाहीये."

तेच तर. त्यांच्यासाठी तो झाडाचा विषय कधीच नव्हता. मी संयोगिताकडे बघितलं. माझी अपेक्षा होती की आता ती एक असं वाक्य बोलेल की याला सुचणार नाही. जन्मभर बोलत आली होती. ती मांडीवर हात ठेवून बसली होती, आणि चेहऱ्यावर ते, जे त्या दिवशी सुपरवायझरने तुटक्या गोळ्यांची मूठ टेबलावर ठेवल्यावर आलं असेल. तिने मुलाचं म्हणणं तपासून पाहिलं होतं आणि त्यात तिला तुटकी कड सापडली नव्हती.

"दिवाळी तिकडेच करू," ती म्हणाली.

मिताली उठून तिच्या गळ्यात पडली. तिचं मागणं देवाने ऐकलं असं तिला वाटलं असेल, तर मी तिला काय सांगणार?

दसऱ्याच्या आधीच हलवलं तिला. रबर लावलेले डबे इथेच राहिले. तिकडे सगळे डबे एकसारखे, पारदर्शक, त्यांवर छापील चिठ्ठ्या. मी दुसरं झाड आणून देते म्हटलं. ती म्हणाली, "तिथे बाल्कनीला काच बसवलीय, हवा येत नाही. आणि आणलंत, तर मिताली बघेल त्याच्याकडे. तिने कबूल केलंय." मी पुन्हा विषय काढला नाही.

डिसेंबरात मी भायलीला गेले. रिकाम्या हाताने जायचं नव्हतं, आणि मिठाई तर तिथे ढिगाने पडलेली असते. सकाळी खंडेराव मार्केटला जाऊन किलोभर सुरती पापडी घेतली, वालाच्या शेंगा. पापडीचे दिवस होते. ती सोलत बसता येईल, गप्पाही होतील.

संयोगिता हॉलमध्ये गादीच्या खुर्चीवर होती. तब्येत उत्तम. वजन वाढलेलं. नखं रंगवलेली होती. मितालीने रंगवली असणार. मी ताट मागून घेतलं, पापडी ओतली आणि ताट तिच्या मांडीवर ठेवलं.

तिने एक शेंग उचलली. देठ मोडला, शीर ओढली, शेंग उघडली, दाणा अंगठ्याने चाचपला. किडका होता, बाजूला टाकला. मग जी सुरुवात केली! मी बोलत होते ते तिला ऐकू येत होतं की नाही कोण जाणे. दाणे एकीकडे, टरफलं एकीकडे, किडकं तिसरीकडे. बोटं अशी चालत होती की मला माझी शेंग सोलायचं सुचेना. तिचे ओठ जरासे उघडे होते.

मिताली ऑफिसमधून आली.

"अरे, काकू! आईंना कशाला काम लावता? आमच्याकडे सोललेली पॅकेटमध्ये मिळते ने, फ्रीजरमध्ये पडलीय!" हसत हसत तिने ताट उचललं. "आई, तुम्ही आराम करा. काही करायचं नाही तुम्ही. हात काळे होतात."

ताट आत गेलं. संयोगिताचे हात मांडीवरच होते, ताटाच्या उंचीवर, जरा वर धरलेले. मग तिने ते खाली ठेवले.

मी निघायला उठले तेव्हा ती हळू आवाजात म्हणाली, "नलिनीताई, येत जा. पण येताना हातात द्यायला काही आणू नका."

"का?"

"हातांना उगीच आठवतं. मग संध्याकाळ जाता जात नाही."

मिताली मला लिफ्टपर्यंत सोडायला आली. "काकू, आई इथे किती खूश आहेत ने? तिकडे किती त्रास होता त्यांना. आता काही म्हणजे काही करावं लागत नाही."

लिफ्ट खाली कुठेतरी अडकली होती. तिथे उभी राहिले असते तर त्या मुलीला काहीतरी बरं बोलावं लागलं असतं. मी कठडा धरला आणि सातही मजले जिन्याने उतरले.